टोकाची पूजा

आमच्याकडं फायबर म्हणलं की न्हाणीचा दरवाजा. लाकडाचा फुगतो, पत्र्याचा गंजतो, म्हणून हल्ली जो तो फायबरचाच बसवतो. अंबडच्या बाजारात दुकानाबाहेर ओळीनं उभे असतात, कुणावर गुलाब, कुणावर बदकं, एकावर तर अख्खा धबधबा. न्हाणीत बसून माणसानं धबधबा बघावा, काय म्हणावं!

तर मी एकदा शेजारणीजवळ कौतुकानं बोलून गेले, की माझी नात पुण्याला फायबरवर नक्षी कोरून राह्यली, त्यातच तिला डॉक्टर पदवी मिळणार आहे. दुसऱ्या दिवशी शेजारीण सुतळीला गाठी मारून हजर. तिच्या न्हाणीच्या दाराचं माप.

“काकी, पोरीला म्हणावं मोर काढ. पिसारा फुललेला. अन् घरच्यासारखा भाव लाव.”

“अगं, दरवाजे न्हाई बनवत ती.”

“मंग? टाक्या?”

“केसाएवढी काचेची तार असती. तिच्या टोकावर कोरती ती.”

शेजारणीनं माझ्याकडं बघत बघत सुतळी गुंडाळली. “काकी, तुमी शुगर कधी तपासली व्हती?”

तिचा तरी काय दोष? पोरगी हे शिकायला लागली तेव्हा मलाही बरेच दिवस काही उमगलं नव्हतं. फोनवर मी विचारायची, “आज काय केलं गं?” ती म्हणायची, “भोकं पाडली, आजी.” “कशाला?” “सोन्याला.” मी फोन ठेवून आमच्या मालकांना सांगायची, पोरगी सोनाराकडं लागली वाटतं. मालक म्हणजे हे, माझे यजमान. मोसंबीची बाग यांची, पाटलाचा तोरा यांचा, अन् नातीपुढं विरघळणंही यांचंच.

यंदा नवरात्रात ती घरी आली. पाठीवर कपड्यांची बॅग, अन् हातात एक काळी पेटी. ती पेटी म्हणे पुण्यापासून मांडीवर घेऊन बसली होती. एसटीत शेजारच्या सीटवरच्या बाईनं ‘ठेव की खाली’ म्हणलं तरी ठेवली न्हाई. वडीगोद्रीच्या फाट्यावर हे मोटारसायकल घेऊन गेल्ते, तर यांच्याही हातात दिली न्हाई. घरात आली, पेटी कोनाड्यात ठेवली, अन् पहिलं वाक्य, “आजी, हिला कुणी हात लावायचा न्हाई.” पाणी न्हाई, खुशाली न्हाई. मंग आठवण झाली तशी पाया पडली.

संध्याकाळी ओसरीवर तिनं स्वतःच ती पेटी उघडून दाखवली. आत एक पिवळी वायर, लोकरीच्या धाग्याएवढी. तिच्या पुढच्या टोकाचं पिवळं कातडं सोललेलं, अन् आतला काचेचा तंतू उघडा. मला काही दिसेना. तिनं माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडं फिरवलं तेव्हा काहीतरी चमकलं.

“रस्त्याच्या कडंनं नारिंगी पाईप गाडून गेलेत, त्यातलंच ना हे?” मालक म्हणाले.

“बराबर, आबा. त्यातून उजेड पळतो.”

“एवढा उजेड पळतो तर मोबाईल का बंद पडतो आमचा?”

“ते मला विचारू नका. मी फक्त टोकाचं बघते. हे बघा, तंतूचं टोक कापलं की कसं होतं, गोल अन् सपाट. त्या गोलावर सोन्याचा पापुद्रा चढवलाय. अन् त्या पापुद्र्यात भोकं पाडलीत, ओळीत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. सगळी करामत ह्या टोकावर आहे. बाकीची वायर नुसती वाट.”

“केसाच्या टोकावर ठिपक्यांची रांगोळी?” मी म्हणलं. “अन् सोनं किती लागलं?”

“तुझ्या मंगळसूत्राच्या एका मण्यात गावभर तंतू मढवून होतील.”

“मंग ते सोनं कसलं,” मालक म्हणाले, “सोन्याचा वास म्हणा.”

“नॅनो काम असतं हे, आबा.”

“नॅनो म्हणजे तो बाटलीतला युरिया?”

“नाव तेच. काम वेगळं.” मंग तिनं आम्हाला नीट बसवून सांगितलं, अन् खरं सांगते, ह्या वेळी मला कळलं. इकडून पांढरा उजेड सोडायचा. तो तंतूतून पळत टोकाशी जातो, त्या ठिपक्यांवर आपटतो अन् माघारी येतो. पण सगळाच्या सगळा येत न्हाई. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात ना, त्यातला एक तिथंच अडकतो. कोणता अडकणार, ते टोकाला काय लागलंय त्यावर. पाणी लागलं तर एक रंग, साखरपाणी लागलं तर जरा सरकून त्याच्या पलीकडचा.

“म्हणजे टोक चव घेतं की,” मी म्हणलं.

“आजी, हे वाक्य मी चोरणार.”

मालकांचं समाधान होईना. गोडी मोजायची एक हातात धरायची दुर्बीण असते, व्यापाऱ्याच्या खिशात बघितलेली. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, डोळा लावायचा, आत आकडा दिसतो. “ती असताना एवढा खटाटोप कशापायी?”

“त्याला फळ तोडावं लागतं, आबा. तोडल्यावर कळलं फिकं आहे, तर परत चिकटवता का? मी झाडावरच्या फळाला सुई टोचणार, सुईतून तंतू आत सोडणार. फळ झाडालाच राहणार.”

तोडणी आठवडाभर आधी करावी की मागं ठेवावी, ह्यावरून दरवर्षी आमच्या घरात महाभारत होतं, अन् दरवर्षी हे अंदाजानं ठरवून मंग ‘मी म्हणलं नव्हतं का’ म्हणतात. त्यांनी त्या वायरीकडं असं बघितलं, जसं पाहुण्यांनी आणलेल्या स्थळाकडं बघावं.

आता पोरीचं अडलं कुठं होतं ते सांगते. आजवर तिनं सगळं साखरपाण्यात मोजलं होतं. जिच्या हाताखाली ती शिकते त्या बाईंनी बजावलं होतं, की परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील, खऱ्या फळाचं काय? झाडावरच्या फळात एकदा तरी मोजून आण, तेवढंच एक प्रकरण राहिलंय, मंग प्रबंध दे. अन् प्रबंध दिवाळीच्या आत गेला तर तिला एका कॉलेजात शिकवायची जागा मिळत होती. न्हाई गेला तर जागा दुसऱ्याला. आधी कोरलेली टोकं एकेक करत मोडली होती, ती काचच, जरा कुठं टेकली की गेली. कोरायचं यंत्र मध्येच दुरुस्तीला गेलेलं. राहिलं होतं हे एकच टोक. उजेड सोडायची अन् माघारी आलेला मोजायची पेटी वेगळी, बॅगेतली, ती तर उसनी, दसरा झाला की माघारी द्यायची. म्हणून ती ते टोक मांडीवर घेऊन आल्ती.

दोन दिवस तिचे तारा जोडण्यात गेले, अन् खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. एरवी बनियन उलटं घालून गावभर हिंडतील, पण ह्या दिवशी आमच्या मालकांसारखा काटेकोर माणूस न्हाई. विळे, कुऱ्हाड, खुरपी, पहार, फवाऱ्याचा पंप, सगळं धुऊन पुसून पाटावर. ट्रॅक्टरला झेंडूची माळ. माझं शिलाई मशीन, मिक्सर. माझ्या लाटण्यालाही कुंकू लागतं. “हे तर घरातलं सगळ्यात धाक असलेलं हत्यार,” असं दरवर्षी म्हणतात, अन् दरवर्षी एकटेच हसतात.

मी आत कडाकण्या तळत होते. नात सकाळीच बागेत गेल्ती. ज्या फळांत मोजायचं त्यांना लाल चिंध्या बांधून यायचं होतं तिला. बाहेर घंटी वाजली, उदबत्तीचा वास आला, मी म्हणलं, झाली पूजा. थोड्या वेळानं पुन्हा घंटी वाजली. मला वाटलं, यांचं एका घंटीत समाधान होत न्हाई.

नात आली तेव्हा मी नेमकी कडाकण्यांचं ताट घेऊन बाहेर निघाले होते. ती पायरीवरच थांबली. पाटावर विळे, विळ्यांशेजारी पंप, अन् पंपाशेजारी झेंडूच्या पाकळ्यांत तिची पेटी. उघडी. पिवळी वायर विड्याच्या पानावर निजवलेली, वर अक्षता.

“आबा,” ती अगदी हळू म्हणाली, “कुंकू कुठं लावलं?”

“टोकाला.” केवढा अभिमान त्या आवाजात! “बराबर टोकाला. साबणानं हात धुतले, चष्मा घातला, अन् करंगळीनं लावलं. आधी हळद, मंग कुंकू.”

“टोकालाच का पण?”

“अगं, तूच म्हणलीस, सगळी करामत टोकावर. विळ्याची पूजा काय मुठीची करतेत? पात्याची करतेत.”

“मी हात लावू नका म्हणले होते ना.”

“पेटीला म्हणलीस. पूजेला न्हाई म्हणलीस का?”

मी ताट खाली ठेवलं. आता भूकंप होणार असं वाटलं, पण पोरगी खाली बसली, वायर अलगद उचलली, अन् टोक बघायचं एक छोटं भिंग असतं तिच्याजवळ, त्याच्यात धरलं. मंग मलाही दाखवलं. गोल टोकावर नुसता राडा. पिवळं, लाल, मध्ये एक तांदळाचा कण. तिनं बाटलीतलं स्पिरिट काढून हळूहळू धुतलं. हळद सुटली, कुंकूही गेलं. पुन्हा भिंगात बघितलं. करंगळी घासली गेली तिथला सोन्याचा पापुद्रा उठून आल्ता. अर्धी रांगोळी पुसलेली.

“आता कसं हाय?” मालक म्हणाले. अजून त्यांना वाटत होतं, धुतलं म्हणजे झालं.

“गेलं, आबा.” तिनं वायर पेटीत ठेवली, पेटी लावली, अन् बागेकडं निघून गेली. जाताना उरलेल्या लाल चिंध्या पायरीवरच राहिल्या.

यांचा चेहरा बघवेना. ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसले. मी शेजारी बसले, हातात एक कडाकणी दिली. ती धरूनच ठेवली.

“मी काय वाईट केलं का गं?”

“पूजा केली.”

“पूजा चांगलीच असती ना?”

“असती. पण तुम्ही मला बघायला आल्ता तेव्हा माझ्या वडलांनी तुमच्या कपाळाला कुंकू लावलं होतं, ते आठवा. केवढं चोळलं होतं. नंतर दोन दिवस खाजवत होता तुम्ही. ते टोक तुमच्या कपाळाहून नाजूक हाय.”

एरवी ह्यावर यांनी मला चार शब्द ऐकवले असते. ह्या वेळी उठले, डोक्यावर टोपी ठेवली अन् नातीच्या मागं गेले. मी ताट झाकून त्यांच्या मागं. असा आमचा सण.

ती बांधावर बसली होती. हे जवळ गेले, अन् उभ्या उभ्याच म्हणाले, “माझ्यापायी तुझी जागा जाईल का?”

तिनं खोटं बोलून यांना बरं वाटू दिलं असतं तर चाललं असतं. पण पोरगी तशी न्हाई. “माहीत न्हाई, आबा. जाऊ शकते.”

मंग तिनं तिच्या बाईंना फोन लावला. आम्ही दोघं तिथंच उभे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

“टोक खराब झालं, मॅडम.”

“मोडलं?”

“नाही. त्याला… हळदीकुंकू लागलं.”

पलीकडं काहीच आवाज न्हाई. मला वाटलं रेंज गेली.

“कुणी लावलं?”

“आजोबांनी. आज खंडेनवमी आहे ना.”

यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, जशी काही बाई समोरच उभी आहे. अन् बाईंनी विचारलं, “कुंकू घरी केलेलं की विकतचं?”

“विकतचं असेल. का?”

“विकतच्यात रंग मिसळलेला असतो. स्पिरिटनं गेला पूर्ण? सोनं किती उठलंय?” अन् मंग दोघी ज्या सुरू झाल्या, हळद कशात विरघळते, पापुद्रा कुठून सुटला, आम्हाला एक अक्षर कळेना.

“बाई रागावली न्हाई?” यांनी माझ्या कानात विचारलं.

“आधी चौकशी करून राह्यली. मंग रागावंल.”

पण बाई रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, यंत्र दुरुस्त होऊन आलंय, अन् सुट्टीमुळं सगळे गावी गेलेत, म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते मोकळं आहे. एरवी त्याला नंबर लावून बसावं लागतं. “त्या दिवशी नवं टोक कोर, अन् त्याच दिवशी मोज. उजेडाची पेटी मी तेवढा एक दिवस जास्त ठेवून घेते. पण पुन्हा गावी जायला वेळ नाही. फळं ताजी आण. झाडच आणलंस तर उत्तम.” अन् हसल्या. नातही हसली, कोरडं का होईना.

आमचे मालक हसले न्हाईत. त्यांनी वर झाडाकडं बघितलं.

दसऱ्याला दिवस उजाडताच बागेतून करवतीचा आवाज. हा तो माणूस, जो तोडणीला आलेल्या गड्यानं फळ देठासकट ओढलं तर दिवसभर तोंड पाडून बसतो. त्यानं स्वतःच्या हातानं फळांनी लगडलेल्या दोन फांद्या कापल्या. एक विहिरीजवळच्या झाडाची, एक बांधाकडच्या. विहिरीकडची गोड असते हे यांचं म्हणणं, बांधाकडची गोड हे माझं. न भांडता दोन्ही घेतल्या, हे त्या दिवसाचं गांभीर्य समजा. फांद्या पाण्याच्या बादल्यांत उभ्या केल्या, वरून ओलं गोणपाट. नात म्हणाली, “आबा, मॅडम गंमत करत होत्या.” हे म्हणाले, “मी न्हाई करत.”

लोक सीमोल्लंघनाला वेशीपर्यंत जातात. आम्ही बादल्या घेऊन पुण्याला निघालो. मी कशाला गेले म्हणाल, तर एक बादली कुणी धरायची?

एसटीत कंडक्टर आला, त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. “बाबा, झाडाचं तिकीट काढावं लागंल.”

“हाफ द्या,” हे म्हणाले. “लहान हाय अजून.”

सगळी गाडी हसली. पुढच्या बाकावरची एक बाई मात्र हळूच हात लांबवून फळ चाचपायला लागली, तसे हे म्हणाले, “ताई, ती मोसंबी कॉलेजात चाललीत. परीक्षा हाय त्यांची.” बाईनं हात असा मागं घेतला की बस. वाटेत प्रत्येक थांब्याला हे उतरायचे, नळावर ओंजळ भरून आणायचे अन् पानांवर शिंपडायचे.

“माझ्यावर उभ्या जन्मात एवढं पाणी शिंपडलं असतं,” मी म्हणलं, “तर मीबी टवटवीत राहिले असते.”

“तू हाईस की टवटवीत.”

“हे कुणासमोर म्हणून राह्यलात? नात बसलीय.”

नात खिडकीकडं तोंड करून हसत होती. पण तिचा हात पेटीवरच होता.

मुक्काम बाईंच्याच घरी झाला. सकाळी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. दारातच चपला काढायच्या. हे खूश. “देवळासारखं हाय,” म्हणाले. मंग पायांना निळ्या पिशव्या अन् डोक्याला जाळीची टोपी दिली. यांनी ती आपल्या टोपीवरच घातली. आत जाताना एक काचेची खोली लागली, सगळी पिवळ्या उजेडात बुडालेली. तिथला माल पांढऱ्या उजेडानं खराब होतो म्हणे. हे थांबले, काचेला नाक लावलं अन् नातीला हळूच विचारलं, “हितं कुणी लावली हळद?”

खंडेनवमीपासून पोरगी पहिल्यांदा पोट धरून हसली.

कोरायचं यंत्र म्हणजे मला वाटलं सोनाराची छिन्नी असेल. तसलं काही न्हाई. एक जाडजूड लोखंडी डबा, त्यातली हवा काढून टाकलेली, अन् आत सोन्यानं मढवलेला कोरा तंतू. एका धातूच्या बारीक बारीक कणांचा झोत वरून मारायचा, तो जिथं पडेल तिथलं सोनं उडतं. आपण फक्त पडद्यावर बघायचं. पडद्यावर ते केसाचं टोक भाकरीएवढं दिसत होतं. मंग एका कडेला एक काळा ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. ओळ भरली, खालची ओळ सुरू झाली. हे खुर्चीच्या कडेला बसून हात मांडीखाली दाबून होते. मी विचारलं, “हात असे का?” तर म्हणाले, “कुठं लागायला नको.”

टोक तयार झालं ते बघून बाई म्हणाल्या, “छान आलंय.” पण छान येणं म्हणजे काम होणं न्हाई, हे एव्हाना मलाही कळलं होतं.

टेबलावर आमच्या बादल्या ठेवल्या, गोणपाट काढलं. त्या चकचकीत खोलीत त्या फांद्या अशा दिसत होत्या, जसे आम्ही दोघं. नातीनं एका फळाला पोकळ सुई टोचली, सुईतून तंतू आत सरकवला. लॅपटॉपवर एक रेघ होती, तिच्यात मध्ये एक खड्डा. जो रंग अडकतो त्याचा तो खड्डा. फळात गोडी असेल तर तो खड्डा उजवीकडं सरकायला हवा, असं तिनं आम्हाला सांगून ठेवलं होतं.

खड्डा जागचा हालेना.

ती बघत राहिली. बाई बघत राहिल्या. हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, माझ्याकडं काय बघता, तिकडं बघा. पोरीनं तार तपासली, उजेड तपासला. एकदा डोळे मिटून घेतले. मंग तंतू अगदी जराच मागं घेतला, सुई आणखी थोडी आत दाबली अन् तंतू पुन्हा सोडला. “सालीच्या आतल्या पांढऱ्या पापुद्र्यात अडकला होता,” ती म्हणाली. “रसापर्यंत गेलाच नव्हता.”

अन् तो खड्डा सरकला. मला वाटलं माझे डोळेच हालले. पण हे उभे राहिले होते, म्हणजे खरंच सरकला होता.

“पुन्हा कर,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या फळात सरकला, पण थोडा कमी. तिसऱ्यात जास्त. मोजलेलं प्रत्येक फळ नंतर कापून गोडी मोजायच्या त्या दुर्बिणीनंही रस बघितला. जिथं खड्डा जास्त सरकला, तिथंच आकडा जास्त निघाला. मी दोन-तीनदा विचारलं, विहिरीकडचं गोड की बांधाकडचं? पोरीनं दाद दिली न्हाई. म्हणाली, “तुमच्या दोघांच्या भांडणात विज्ञानाला ओढू नका.”

शेवटचं फळ झालं, तशा बाई म्हणाल्या, “लिहायला बस.”

बाकी एक शब्द न्हाई. शाबास न्हाई, काही न्हाई. पण पोरीचा चेहरा असा उजळला, अन् ती तिथंच, त्या सालींच्या ढिगाशेजारी, लॅपटॉप ओढून बसली. आम्ही आपले बघतोय कौतुकानं. आता चहा होईल, गप्पा होतील, पोरगी पुणं दाखवील. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

“तुम्ही अजून हितंच?”

असं आम्हाला दुपारच्या गाडीत बसवून दिलं, दोन रिकाम्या बादल्यांसकट.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. आला तरी, “जेवले. लिहितेय. ठेवते.” एकदा मात्र संध्याकाळी आपण होऊन तिनं सगळं प्रकरण वाचून दाखवलं, इंग्रजीतलं मराठीत करून. झाडाची फांदी आली, सुई आली. हे ओसरीवर डोळे मिटून ऐकत होते, पोथी ऐकावी तसे. मध्येच ती म्हणाली, “‘पहिला नमुना हाताळताना दूषित झाल्यामुळं वापरता आला नाही.’”

यांनी डोळे उघडले. “काय झाल्यामुळं?”

“दूषित, आबा. तसा शब्दच आहे तो.”

“दूषित पाणी असतं. गटार असतं. हळदीकुंकवानं कुणी दूषित होतं व्हय?”

“आबा, शास्त्रात बाहेरचं काहीही लागलं की…”

“बाहेरचं कुठं? घरचंच व्हतं. तू ‘पूजित’ लिही.”

“काय?”

“‘पहिला नमुना पूजित झाल्यामुळं वापरता आला न्हाई.’ कसं वाटतं?” अन् माझ्याकडं बघितलं. खरं सांगते, मला बरं वाटलं ते वाक्य. पण मी तसं म्हणाले न्हाई, नवऱ्याला एवढं चढवू नये.

“परीक्षकांनी विचारलं तर काय सांगू?”

“माझा नंबर दे.”

तिकडं पोरगी हसू दाबत होती ते फोनमधून कळत होतं. “बाईंना विचारते,” म्हणाली. त्यानंतरचे सगळे दिवस यांचा एकच घोष, विचारलं का बाईंना? मी म्हणलं, अहो, तिला वेळेत द्यायचंय ते, तुमच्या एका शब्दापायी तिचं काम थांबवता का पुन्हा? तेव्हा जरा वरमले. पण मनातून शब्द गेला न्हाई.

दिवाळीच्या तोंडावर, मी चकल्यांची भाजणी निवडत होते, तेव्हा फोन वाजला. यांनीच उचलला.

“आबा! दिला! आत्ता देऊन आले प्रबंध. अन् कॉलेजाला कळवलंही, त्यांनी सुट्टी संपली की रुजू व्हा म्हणलं.”

“कोणता शब्द ठेवला?”

“अहो आबा, मला जागा मिळाली!”

“ते झालं गं, चांगलंच झालं. शब्द कोणता ठेवला?”

भाजणीचं सूप बाजूला ठेवून मी यांच्या हातातून फोन काढून घेतला. पलीकडं पोरगी एकाच वेळी हसतही होती अन् रडतही होती, अन् आवाज असा बसलेला, की किती दिवस नीट झोपली नसेल ते मला इथं कळलं.

“बाई गं,” मी म्हणलं, “आधी काहीतरी खा. अन् मंग झोप. यांचं मी बघते.”